अंक येईपर्यंत

९ जानेवारी

आज बाईंनी बोलावून घेतलं. बाई म्हणजे आमच्या मासिकाच्या संपादिका. मासिकाचं काम असं, की बाजारातल्या वस्तू स्वतःच्या पैशाने विकत आणायच्या, तपासायच्या आणि कुठली घ्यावी, कुठलीच्या वाटेला जाऊ नये ते वाचकांना सांगायचं. आम्ही जाहिराती घेत नाही, त्यामुळे आमचे पगारही त्याच मापाचे. मी किटल्या, इस्त्र्या, टोस्टर अशा तापणाऱ्या वस्तू तपासतो. ऑफिसात मला किटलीवाले म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे तक्रार नाही.

पैशांची पानं लिहिणारे गृहस्थ नोव्हेंबरात नोकरी सोडून गेले. लोकांना पैसे कुठे ठेवावेत हे इतकी वर्षं सांगून शेवटी ते स्वतः एका बँकेत गेले. बाई म्हणाल्या, "गुंतवणुकीच्या प्लॅटफॉर्मची तुलना तुम्ही करा. साध्या माणसासाठी. करमुक्त बचत खात्यासकट."

मी म्हणालो, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच तुम्ही. वाचकाला तरी कुठे कळतं? किटली तपासता तसं तपासा. पाणी ओता, तापवा, बाहेर काढा आणि कुठे गळतं ते सांगा."

नोव्हेंबरच्या अंकात सोळा पानं दिली आहेत. किटल्यांना कधी चारच्या वर मिळाली नाहीत.

१७ जानेवारी

आठवडाभर वाचतोय. करमुक्त बचत खातं म्हणजे काय ते आता मला समजलं आहे असं वाटतं, म्हणून इथे लिहून बघतो. या खात्यात पैसे वाढले तर त्या वाढीवर सरकार कर घेत नाही. माणशी वर्षाला असं एकच खातं उघडता येतं आणि त्यात ठरावीक रकमेपर्यंतच भरता येतं. त्यातून पैसे काढले तर त्या वर्षी ते परत भरता येत नाहीत. बशीत ओतलेला चहा परत कपात घालायचा नाही, एवढंच.

मात्र खातं सरकारकडे उघडायचं नसतं, कुठल्यातरी कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर उघडायचं असतं. कंपनी त्याचे पैसे घेते. काही जण वर्षाला ठरावीक रक्कम घेतात, काही जण शेकडा अमुक इतका. ठरावीक रक्कम थोडे पैसे असलेल्याला जड जाते, टक्का जास्त पैसेवाल्याला. टक्का ऐकायला शून्य पूर्णांक काहीतरी असतो, म्हणून माणूस मान डोलावतो. तो कॅल्क्युलेटरवर वीस वर्षं पुढे नेला, तेव्हा नाकापेक्षा मोती जड झालेला दिसला. हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? बहुधा मी विचारलं नाही.

चार प्लॅटफॉर्म निवडले. त्यांच्या अ‍ॅपच्या रंगांवरून त्यांना निळा, हिरवा, नारिंगी आणि पांढरा म्हणतो.

२२ जानेवारी

माणशी वर्षाला एकच खातं, म्हणजे चार खात्यांना चार माणसं लागणार. बाई म्हणाल्या, घरचे घ्या. तशी आमच्याकडे पद्धतच आहे. वस्तू घरी न्यायची, घरच्यांना वापरू द्यायची आणि त्यांना काय वाटलं ते विचारायचं. मात्र निकाल त्यांना सांगायचा नाही. अंक छापून येईपर्यंत कोणाला म्हणजे कोणालाच नाही. फार पूर्वी एकाने फ्रिज कुठला जिंकणार ते आपल्या दुकानदार मेव्हण्याला सांगितलं. मेव्हण्याने गोदाम भरलं आणि मासिक कोर्टात गेलं. तेव्हापासून नोकरीवर येणाऱ्याला टेबल-खुर्चीच्या आधी हा नियम दाखवतात. मी तो आजवर एकदाही मोडलेला नाही. नोकरीत अभिमान बाळगावा अशा माझ्या फार गोष्टी नाहीत, ही एक आहे.

कोणाला कुठला रंग द्यायचा ते मी ठरवलं तर त्यात आवडनिवड आली. म्हणून हिशेबनीसांना साक्षीला बसवून चिठ्ठ्या टाकल्या. जवळ एक कोरडी किटली होती, तिच्यातूनच काढल्या. मला निळा, बायकोला हिरवा, माझ्या बहिणीला, म्हणजे धाकटीला, नारिंगी, सासूबाईंना पांढरा.

२८ जानेवारी

आज सगळ्यांना घरी बोलावून खाती उघडली. प्रत्येकात मासिकाचे सारखेच पैसे भरले. पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे. ऑक्टोबरात पैसे काढून बघण्याची चाचणी होईल, तोपर्यंत मी कोणाच्या खात्यात डोकावणार नाही. त्यांनी अ‍ॅप वापरायचं, मदतीच्या नंबरवर फोन करायचे आणि काय झालं ते मला सांगायचं.

सासूबाईंनी लगेच फोन लावला आणि पलीकडच्या मुलीला आधी "जेवलीस का?" असं विचारलं. त्या मुलीने त्यांना खातं, फंड, शुल्क सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंनी तिला गुडघेदुखीवर उपाय सांगितला. फोन बराच वेळ चालला. "मदतीची गुणवत्ता" या रकान्यात काय लिहावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बायकोने सगळ्यांना इस्त्रीची गोष्ट सांगितली. पूर्वी एकदा मी घरी चाचणीची इस्त्री आणली होती. तिचं तापमान मध्येच भडकतं हे मला ऑफिसातल्या चाचणीत कळलं होतं, पण अंक यायचा होता. बायकोने त्या इस्त्रीने तिचा लग्नानंतर घेतलेला पहिला रेशमी ड्रेस जाळला. त्याचं फडकं ती अजून भांड्याच्या कपाटाशी टांगून ठेवते.

"यांच्या तोंडाला कुलूप आहे," ती म्हणाली, "आणि किल्ली छापखान्यात."

धाकटी खूप हसली. "वहिनी, ती इस्त्री होती गं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, मला नारिंगी दिलास होय? छान आहे. रंग तर चांगलाय."

धाकटी दातांच्या कवळ्या बनवते. दंतवैद्य तोंडाचा साचा घेऊन पाठवतात आणि ही त्यावर मेण लावून दात बसवते. तिचे दात खऱ्यापेक्षा खरे दिसतात, कारण ती एखादा जरा तिरपा बसवते. तिचं म्हणणं, सगळे सरळ बसवले की लोक ओळखतात.

१९ मार्च

धाकटी जिथे नोकरी करते ती कवळ्यांची प्रयोगशाळा महिनाअखेर बंद होणार. मालक म्हातारे झालेत आणि त्यांची मुलं परदेशात. इतक्या वर्षांचे म्हणून तिला एकरकमी पैसे मिळणार आहेत. मला वाटलं ती खचली असेल, पण ती उलट तरतरीत दिसत होती. दवाखान्यांच्या रस्त्यावर मागच्या बाजूला तळमजल्याची एक खोली आहे. तिथे पाण्याचा नळ आहे आणि उत्तरेकडून उजेड येतो. रंग जुळवायला उत्तरेचाच उजेड लागतो म्हणे. तिथला चष्मेवाला सप्टेंबरात जागा सोडणार आहे. घरमालकीण धाकटीला ती द्यायला तयार आहे, फक्त अनामत रक्कम पंधरा सप्टेंबरच्या आत हवी.

"दादा, आयुष्यभर दुसऱ्याच्या बाकावर बसले. आता स्वतःचा बाक."

मी म्हटलं, चांगलंय. आणखी काय म्हणतात अशा वेळी? बायकोने तिला मिठी मारली.

११ एप्रिल

धाकटीचा फोन. नारिंगीत वर्षाला जास्तीत जास्त किती भरता येतात असं विचारत होती. सरकारी मर्यादा सगळ्या रंगांना सारखीच आहे, ती सांगितली. मग, "आणि मध्ये कधीही काढता येतात ना?"

"कायद्याने येतात," मी म्हटलं.

चारही माणसांत हीच सगळ्यात मन लावून चाचणी करते. बायकोने हिरवा अजून दोनदाच उघडला आहे.

३ मे

आज दिवसभर बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या. डोळे चुरचुरतायत. निळा स्वच्छ आहे. हिरव्यात दर व्यवहाराला शुल्क आहे, पण सांगून घेतात. पांढरा महाग आहे, पण माणसं फोन उचलतात.

नारिंगीत गळती सापडली. तिथे पैसे भरायला एक बोट पुरतं. काढायला मात्र अ‍ॅपमधून अर्ज करायचा, मग ते पोस्टाने कागद पाठवणार, त्यावर सही करून तो पोस्टानेच परत करायचा, मग ते सही जुळवणार आणि त्यानंतर "प्रक्रिया". शिवाय पहिल्या वर्षात सगळे पैसे काढले तर शेकडा दोन कापणार. मी वाचक म्हणून फोन करून विचारलं. फार गोड आवाजात उत्तर आलं, "साधारण सहा आठवडे धरून चाला, सर. सही जुळली नाही तर थोडे जास्त."

अशी चूक सापडली की मला बरं वाटतं, हे खरंच आहे. किटलीच्या बुडाशी बारीक ओल दिसली की वाटतं तसंच. "पैसे काढणे" या रकान्यात नारिंगीला पाचपैकी एक तारा दिला. सोळा पानांचा कणा सापडला.

२६ मे

जेवायला धाकटी आली होती. खोलीचं माप घेऊन आली होती. बाक कुठे, घासायचं यंत्र कुठे, भट्टी कुठे, सगळं तिने जेवणाच्या टेबलावर काड्यापेटीच्या काड्या मांडून दाखवलं. बायकोने मीठदाणी उचलून विचारलं, "ही कोण?" धाकटी म्हणाली, "ती गिऱ्हाईक. तिला खुर्ची हवी."

जाताना मला म्हणाली, "नोकरी गेली तरी मला छान झोप लागते. पैसे नीट जागी आहेत ना, म्हणून."

मी म्हटलं, "झोप चांगली."

बायको माझ्याकडे बघत होती. मी काही चुकीचं बोललो असं मला वाटत नाही.

३० जून

पावसाळी हवा. हिशेबनीस सांगत होते की बाजार पडला. चारही खाती थोडी थोडी खाली गेली असणार. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "जावईबापू, पडू दे. आमच्या वेळी भावच पडायचे, आता बाजार पडतो." पांढऱ्याच्या त्या मुलीला मुलगा झाला, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

१८ ऑगस्ट

आज धाकटीने ऑफिसात फोन केला. ती सहसा तिथे करत नाही. मी उकळण्याच्या खोलीत होतो, म्हणून शिपायाने निरोप लिहून ठेवला. संध्याकाळी मी लावला.

"दादा, 'प्रक्रियेत' म्हणजे किती दिवस रे?"

मला हसू आलं. पैसे काढण्याची चाचणी ऑक्टोबरात, आणि ही आत्ताच पेपर फोडायला निघाली. मी म्हटलं, "ते चाचणीत कळेल. आधी सांगितलं तर चाचणी कसली?"

"नाही, पण अंदाजे. आठवडा?"

"अंक येईपर्यंत थांब."

मग म्हणाली, "बरं. काही वाईट असतं तर तू बोलला असतासच म्हणा."

यावर मी काही बोललो नाही. बोललो असतो तर निकाल सांगितल्यासारखं झालं असतं. ती थोडक्यात मलाच अडकवत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पण मी निसटलो.

बायको भाजी निवडत ऐकत होती. "ती का विचारत होती ते विचारलंत का?"

"उत्साह आहे."

"अहो, उत्साहात माणसाचा आवाज असा होतो?"

मला आवाजातलं कळत नाही. ऑफिसात आम्ही आवाज यंत्राने मोजतो.

२ सप्टेंबर

तिचा पुन्हा फोन. या वेळी सहीचं. तिची सही जुळत नाही असं नारिंगीने कळवलं आहे. जानेवारीत तिने मोबाइलच्या पडद्यावर बोटाने सही केली होती, आता कागदावर पेनाने. बोटाची आणि पेनाची सही कशी जुळणार? हा मुद्दा मी टिपून घेतला, उत्तम आहे. तिला विचारलं, "पण तुला कागद आला कसा? काढायची चाचणी अजून सुरूही नाही झाली."

"मी आधीच केला अर्ज," ती म्हणाली. "दादा, तुझी कोणी ओळख आहे का तिथे?"

"असती तरी वापरता आली नसती. मासिकाचा माणूस आहे मी."

"हो. ते आहेच."

बाईंना विचारून ठेवायला हवं की वेळेआधी केलेली चाचणी तक्त्यात धरायची का. बहुधा धरायची. खऱ्या गिऱ्हाइकासारखी झाली.

२० सप्टेंबर

तक्ता जवळजवळ तयार. बाई खूश आहेत. म्हणाल्या, "किटलीवाले, हा अंक कपाटात ठेवण्यासारखा होणार."

धाकटी रविवारी आली नाही. तोंडाला चव नाही म्हणाली.

३ ऑक्टोबर

आज पैसे काढायची चाचणी. सगळ्यांना संध्याकाळी घरी बोलावलं होतं. निळ्यातून मी काढले, दोन दिवसांत येतील. बायकोला हिरव्याचा पासवर्ड आठवला नाही, तिने नवा घेतला, तीही नोंद झाली. सासूबाईंनी फोनवरूनच काढले आणि बाळाचं नाव विचारून घेतलं.

धाकटी दाराशीच उभी राहिली. बूटसुद्धा काढले नाहीत.

"माझी झाली चाचणी," ती म्हणाली. "काल आले पैसे."

मी पेन उघडलं. "अर्ज कधी केला होतास?"

"ऑगस्टच्या बाराला." मी लिहून घेतलं. "पहिली सही परत आली, दुसरी परत आली, तिसरी चालली. शेकडा दोन कापले." मी तेही लिहिलं. मग तिने रक्कम सांगितली आणि माझा हात थांबला. मासिकाने भरलेली रक्कम मला पाठ आहे. ही तिच्या कितीतरी पट होती.

"हे कुठले?"

"माझे. प्रयोगशाळेतून मिळालेले. मर्यादेइतके सगळे भरले होते, सप्टेंबरपर्यंत नुसते पडून राहण्यापेक्षा."

बायको म्हणाली, "आणि खोली?"

"मालकीणबाई पंधरा दिवस जास्तीचे थांबल्या. चांगल्या आहेत. मी रोज सांगत होते, उद्या येतील, अ‍ॅपमध्ये प्रक्रियेत दिसतंय. परवा त्यांनी खोली झेरॉक्सवाल्याला दिली."

बायको म्हणाली, "वेडे, आमच्याकडे मागायचेस ना. होते आमच्याकडे."

"उद्या येणारच होते ना, वहिनी. रोजच उद्या."

मग ती माझ्याकडे वळली. चिडली नव्हती. एखादा दात नीट बसलाय का ते बघते तसं बघत होती.

"दादा, तुला माहीत होतं? सहा आठवडे लागतात ते?"

"हो."

"कधीपासून?"

"मे."

"बरं."

धाकटी म्हणाली, "मला वाटलं होतं, चौघांत मला तू सगळ्यात चांगलं दिलं असशील. म्हणून मी बघितलंसुद्धा नाही. अटी वगैरे. दादाने दिलंय म्हटल्यावर कशाला बघायचं?"

मी खरं ते सांगितलं. "चिठ्ठ्या टाकल्या होत्या."

ती निघून गेली. जिन्याचा दिवा तिने लावला नाही.

४ ऑक्टोबर

ऑगस्टचा फोन आठवतोय. तिने तीनदा विचारलं होतं. आणि मी लिहून ठेवलंय की मी निसटलो.

बायको सकाळपासून बोलत नाही. दुपारी एकच वाक्य बोलली, "दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो हा." मग ते जळकं फडकं खुंटीवरून काढून केराच्या डब्यात टाकलं. इतकी वर्षं तिने ते मला चिडवायला ठेवलं होतं. आता चिडवायचंही नाही, असा त्याचा अर्थ असावा. मला वाईट वाटलं. त्या फडक्याचं नाही.

९ ऑक्टोबर

झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आलो. त्याने भिंतीला पिवळा रंग दिला आहे आणि नळापाशी यंत्र ठेवलं आहे. मी विचारलं, जागा सोडण्याचा काही विचार? तो म्हणाला, "काका, कालच उद्‍घाटन केलं." मी दोन प्रती काढून घेतल्या, कशाच्या ते आठवत नाही. उजेड खरंच चांगला आहे तिथे.

धाकटीला फोन केला, पैसे देऊ का म्हणून. ती म्हणाली, "आता आहेत माझ्याकडे. जागा नाहीये." आणि ठेवला.

१६ ऑक्टोबर

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, नियम तुमच्यासाठी नाही केलेला, दुकानदार मेव्हण्यांसाठी केलेला आहे. मग म्हणाल्या, "पण तुम्ही विचारलं असतंत तर मीही नाहीच म्हटलं असतं बहुतेक."

नारिंगीच्या रकान्यात मी "सहा आठवडे" खोडून "सव्वासात आठवडे, प्रत्यक्ष अनुभव" असं लिहिलं. खाली चौकट घातली: वर्षभराच्या आत लागणारे पैसे अशा खात्यात भरण्याआधी, ते बाहेर कसे आणि किती दिवसांत येतात ते पाहून घ्या, काढलेल्या पैशांची करमुक्त जागा त्या वर्षी परत मिळत नाही. बाई म्हणाल्या की अख्ख्या अंकात हीच चौकट सगळ्यात उपयोगी आहे. जिने ती मिळवून दिली तिचं नाव आम्ही छापत नाही. पद्धत नाही.

१२ नोव्हेंबर

अंक आला. पत्रं येतायत. एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलंय की ती उद्याच नारिंगीत पैसे भरणार होती, अंकाने वाचवलं. हिशेबनीसांनी ते फळ्यावर लावलं. अशी कितीतरी माणसं वाचली असतील. बरं वाटायला हवं होतं.

एक अंक धाकटीला पोस्टाने पाठवला. मग वाटलं, कशाला पाठवला?

७ डिसेंबर

संध्याकाळी घरी आलो तर मागच्या खोलीतल्या माझ्या जुन्या किटल्या खोक्यांत भरून जिन्यात ठेवलेल्या. बायको खुर्चीवर चढून पडदे काढत होती.

"सोमवारपासून ती इथे बसणार आहे. मी विचारलं, ती हो म्हणाली. या खोलीला उत्तरेची खिडकी आहे, तुमच्या कधी लक्षात आलंय?"

नव्हतं आलं. त्या खिडकीत मी टोस्टर रचले होते.

१५ डिसेंबर

धाकटी रोज सकाळी येते आणि संध्याकाळी जाते. घासायच्या यंत्राचा आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत येतो. दोन दंतवैद्यांनी काम दिलं आहे. वहिनीशी तिच्या गप्पा चालतात, हसणंही ऐकू येतं. मी घरी आलो की यंत्र सुरू होतं. माझ्याशी ती वाईट वागत नाही. वाटेत आलो तर "जरा" म्हणते. पूर्वी "दादा, जरा" म्हणायची.

स्वतःचा बाक तिला मिळाला, पण दुसऱ्याच्या घरात. गिऱ्हाइकाची खुर्ची ठेवायला जागा नाही.

२८ डिसेंबर

मी आज तिच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, "माझं चुकलं." एवढंच पाठ केलं होतं. ती मेण तापवत होती. म्हणाली, "धर हे जरा," आणि माझ्या हातात एक वरची कवळी दिली. मी ती धरून उभा राहिलो. तिने मेण लावलं, परत घेतली आणि कामाला लागली. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढवलेले होते. कोणा म्हाताऱ्याचे असतील, त्याला आपलेच परत मिळाल्यासारखं वाटेल.

१० जानेवारी

नवीन किटल्या आल्या. सहा आहेत, मार्चच्या अंकासाठी, चार पानं. घरी वापरून बघायला दोन नंबरची आणली. ऑफिसात तिच्यावर चार दिवस काम केलंय. दिसायला सगळ्यात देखणी, पण मूठ जिथे जोडली आहे तिथून उकळतं पाणी हातावर येतं. रोज नाही, मधूनच. माझ्याही मनगटावर एक फोड आहे. नियमाप्रमाणे ओट्यावर ठेवली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

दुपारी बायको बाहेर गेली होती. यंत्राचा आवाज थांबला आणि धाकटी स्वयंपाकघरात आली. मी टेबलाशी बसलो होतो. तिने किटली उचलली, नळाखाली धरली आणि मग माझ्याकडे वळली.

"दादा, ही कशी आहे?"

ऑक्टोबरनंतर तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"गळते," मी म्हटलं. "मुठीपाशी. वापरू नकोस."

तिने किटलीतलं पाणी ओतून ती पालथी घातली, फडताळातून जुनं पातेलं काढलं आणि त्यात दोन कप पाणी मोजून घेतलं.

अंक मार्चमध्ये येईल.